थोरल्याच्या नावाने आलेला नकार

वडील जाऊन चार वर्षं झाली आणि आईने घर रंगवायला काढलं, त्या वर्षीची ही गोष्ट. तोवर तिने भिंतीला हात लावू दिला नव्हता. बाहेरच्या खोलीच्या दाराशी वडील चपला घालताना भिंतीला हात टेकायचे, तिथे तेलकट डाग पडला होता. तो पुसायची कुणाची छाती नव्हती. मग एका सकाळी तीच म्हणाली, धाकटीच्या होणाऱ्या सासरची माणसं यायची आहेत, त्यांना काय अशा भिंती दाखवायच्या? रंगारी आले. सामान मधल्या खोलीत छतापर्यंत रचलं गेलं आणि थोरल्याला आपला संगणक स्वयंपाकघरात, ओट्याच्या कोपऱ्यावर मांडून काम करावं लागलं. एका बाजूला दुधाचं पातेलं आणि दुसऱ्या बाजूला कंपनी.

थोरला म्हणजे घरातला मोठा मुलगा. वजनकाटे बनवणाऱ्या कंपनीत होता. सोनं तोलायच्या नाजूक काट्यापासून अख्खा ट्रक उभा राहील अशा काट्यापर्यंत सगळं तिथे व्हायचं. त्याचा मात्र काट्यांशी संबंध नव्हता. तो संगणकावरची कामं करायचा. कंपनीने बाहेरून एक भलंमोठं सॉफ्टवेअर विकत घेतलं होतं. सगळ्या शाखांच्या लोकांनी एकत्र काम करावं, एकमेकांना निरोप द्यावेत, कागद एकाच जागी ठेवावेत, असा त्याचा उद्देश. लोक त्याला पसारा म्हणत. थोरल्याचं काम असं, की या पसाऱ्यावर छोटी छोटी वेब अॅप बांधायची. एक सुट्या भागांच्या मागणीचं, एक गिऱ्हाइकांच्या तक्रारींचं, एक गाड्यांच्या फेऱ्यांचं.

पसाऱ्याने त्याला पहिल्या दिवसापासून भंडावून सोडलं होतं. आपण एक खिडकी उघडी ठेवावी, तर दुसरीच उघडायची. ज्याला दाखवायचं त्याला दिसायचं नाही, आणि ज्याच्यापासून लपवायचं त्याच्या तोंडावर जाऊन आदळायचं. कुणाला काय पाहायची परवानगी आहे, हे तीन वेगवेगळ्या ठिकाणी ठरायचं आणि त्या तिघांचं आपसांत पटत नसे. थोरला गमतीने म्हणायचा, मी अॅप बांधत नाही, भाऊबंदकी मिटवतो.

त्या वर्षी माणसांचं खातं सांभाळणाऱ्या मोठ्या बाईंनी त्याला रजेचं अॅप करायला सांगितलं. माणसाने फोनवर अर्ज भरायचा, कारण लिहायचं. अर्ज त्याच्या शाखेच्या साहेबाकडे जाईल. साहेबाने हो किंवा नाहीचं बटण दाबायचं. थोरल्याने विचारलं, आणि साहेबाने काहीच दाबलं नाही तर? बाईंनी क्षणभरही विचार न करता सांगितलं, उत्तर नाही म्हणजे नकार. आठवडाभर वाट बघायची आणि मग पसाऱ्यानेच नकार कळवायचा. काम अडून राहायला नको.

थोरल्याने तसं बांधलं. तपासायला दुसरं माणूस कुठून आणायचं, म्हणून अर्जही त्यानेच केला, साहेबही तोच झाला आणि नकारही त्यानेच घेतला. नकारासोबत काहीतरी मजकूर हवा म्हणून त्याने सुचेल ते टाकलं. ‘दिलेले कारण योग्य वाटत नाही. पुन्हा विचार करावा.’ नंतर बदलू, असं मनात म्हणाला आणि विसरला. निरोप त्याच्या स्वतःच्या नावाने आला, शेजारी गोल चौकटीत त्याचा टाय लावलेला फोटो. त्यात त्याला काहीच खटकलं नाही. अर्ज त्याचा, साहेब तो, मग नाव दुसऱ्या कुणाचं असणार होतं?

आता धाकटीचं. ती औषधांच्या दुकानात कामाला होती. तिथला काटा बिघडला आणि तो नीट करायला थोरल्याच्याच कंपनीतला एक कारागीर आला. काटा एका दिवसात नीट झाला असता, पण तो आठवडाभर बिघडतच राहिला. शेवटी दुकानाचे मालक म्हणाले, काट्याचं राहू द्या, तुमचं काय ते ठरवा. ठरलं. आईला मुलगा आवडला. ती त्याच्या माघारी त्याला जावईबापू म्हणू लागली. थोरला मात्र पहिल्या भेटीत गप्पगप्प होता. त्या दिवशी तक्रारींचं अॅप सकाळपासून बंद पडलं होतं, त्याचं सगळं लक्ष तिकडे. कारागिराने दोनदा काहीतरी विचारलं, याने हं म्हटलं. पुढे कारागिराची बदली लांबच्या शाखेत झाली, बसने अख्खा दिवस लागेल इतकी लांब. तेव्हा जेवताना थोरला एकदाच बोलून गेला, की फार लांब पडेल हो हिला. धाकटीने ऐकलं आणि ती ताट उचलून गेली.

कारागिराच्या घरी आई आणि आजोबा. आजोबांचं हृदय थकलं होतं. प्रवास झेपतोय तोवर मला नातसून बघायची, तिच्या घरी जाऊन बघायची, असं त्यांनी धरून ठेवलं होतं. कारागीर रजा काढून त्यांना घेऊन येणार होता. म्हणून तर रंगारी.

भिंती वाळल्या, सामान जागेवर गेलं, पण माणसं आली नाहीत. पुढच्या महिन्यात येतो, असा निरोप आला. मग बघू, असा. मग नुसतंच, हो हो. धाकटीचे फोन आखूड होत गेले. एकदा त्याने तिला विचारलं, तुझ्या घरी सगळ्यांना मनापासून मान्य आहे ना, नीट विचारून घे. तिने आईला विचारलं. आई म्हणाली, म्हणजे काय, रंग काढलाय मी. धाकटीने थोरल्याला विचारलं. तो संगणकावरून मान न उचलता हं म्हणाला.

इकडे कंपनीतही काहीतरी बिनसलं होतं आणि काय ते थोरल्याला समजेना. भांडारातला म्हातारबा त्याला रोज चहाला हाक मारायचा, तो आता पाठ फिरवून प्यायला लागला. जिन्यात एका अनोळखी बाईने त्याला अडवलं आणि हात जोडून म्हणाली, साहेब, पुढच्या वेळी तरी कारण नीट वाचा. थोरला मागे वळून बघू लागला, की ही कोणत्या साहेबाशी बोलते आहे. काट्यांना रंग देणाऱ्या विभागातले दोघं तो जवळ आला की बोलणं थांबवायचे. त्याने शेजारच्या टेबलावरच्या मित्राला विचारलं, माझ्या तोंडाला काही लागलंय का? मित्र म्हणाला, तोंडाला नाही, पण बढती लागलेली दिसते, आम्हाला पेढा नाही ते नाही, बातमीसुद्धा नाही. थोरल्याला वाटलं, थट्टा आहे. तो हसला. मित्र हसला नाही.

एका रविवारी दुपारी तो ओट्याशी बसला होता. संगणक पुन्हा आतल्या खोलीत गेला असता, पण त्याला आता त्याच कोपऱ्याची सवय लागली होती. धाकटी बाहेरून आली. चपला न काढता तशीच आत आली आणि फोन त्याच्यासमोर धरला.

“हा कोण?”

त्याने पाहिलं. गोल चौकटीत टाय.

“मी.”

“आणि हे काय?”

खाली लिहिलं होतं, रजेचा अर्ज नामंजूर. दिलेले कारण योग्य वाटत नाही. पुन्हा विचार करावा. वर कारागिराचं नाव. कारण, विवाहासंबंधी.

“एकदा नाही, तीनदा,” धाकटी म्हणाली. “आज मी त्याला सरळ विचारलं, तुझ्या मनात काय आहे. तर म्हणाला, माझ्या मनात काय असणार, तुझ्या दादालाच विचार. तीन वेळा मागणी घातली, तिन्ही वेळा विचार कर म्हणाले. इतके दिवस मला बोलला नाही तो. का, तर भावाबहिणीत वाकडं नको म्हणून. आणि तू इथे बसून दूध तापवतोयस.”

थोरल्याने निरोप पुन्हा वाचला. शब्द त्याचे होते. फोटो त्याचा होता. नाव पूर्ण, आडनावासकट त्याचं होतं.

“हा मीच आहे,” तो म्हणाला, “पण हे मी केलेलं नाही.”

“मग कोणी केलं?”

“कोणीच नाही.”

आई दारात येऊन उभी राहिली होती. ती म्हणाली, अरे, कोणीच न करता असं कसं होईल, भूत आहे का? थोरल्याने समजवायला सुरुवात केली. साहेबाने बटण दाबलं नाही की अॅप आपोआप नकार देतं. पण अॅपला स्वतःचं नाव नसतं. ज्याने बांधलं त्याच्या नावाने ते पसाऱ्यात शिरतं, त्याच्याच नावाने बोलतं. मी तपासलं तेव्हा सगळीकडे मीच होतो, म्हणून मला दिसलंच नाही. बोलता बोलता म्हातारबाची पाठ आणि जिन्यातल्या बाईचे हात आता त्याला कळत होते. कंपनीतल्या ज्या ज्या साहेबाने आळस केला होता, त्याचा नकार याच्या तोंडून गेला होता.

धाकटी ऐकून घेत होती. मग शांतपणे म्हणाली, “तुला तो लांब वाटत होता. जेवताना म्हणालास.”

म्हणाला तर होताच.

शेवटी त्याने दाखवायचं ठरवलं. आठवड्याची मुदत खाली आणून एका मिनिटावर केली, तपासणीसाठीचं एक रिकामं खातं धाकटीच्या फोनवर चालू केलं आणि म्हणाला, कर अर्ज. तिने कारणाच्या जागी लिहिलं, भाऊ खोटं बोलतोय म्हणून. थोरल्याने संगणक मिटला आणि दोन्ही हात आईच्या हातात दिले. आईने ते चांगले घट्ट धरले, लहानपणी नखं कापताना धरायची तसे. तिघं फोनकडे बघत बसली. फोन थरथरला. टायवाला थोरला म्हणत होता, दिलेले कारण योग्य वाटत नाही, पुन्हा विचार करावा.

धाकटीला हसू आलं आणि ते तिला आवडलं नाही, असं तिच्या चेहऱ्यावरून दिसलं. आई मात्र हसली नाही. तिने त्याचे हात सोडले नाहीत. “म्हणजे तू इथे माझ्याजवळ बसलेला असताना तिकडे तुझ्या तोंडून कोणीतरी बोलतं,” ती म्हणाली. “आणखी काय काय बोललं असेल रे ते?”

थोरल्याला ते सांगता येत नव्हतं. त्याने बांधलेली अॅप किती होती आणि ती रोज कुणाकुणाशी बोलत होती, हे त्याचं त्यालाच आठवेना.

धाकटी म्हणाली, मला पटलं, निदान अर्धं तरी. पण मला पटून काय उपयोग? त्यांच्या घरात तुझा चेहरा गेलाय. तो फोन आजोबांनासुद्धा दाखवला गेलाय. त्यांचे पाय आता सुजायला लागलेत, डॉक्टरांनी प्रवास बंद केलाय. त्यांना वाटतंय, मुलीच्या घरून ना आहे. ते म्हणालेत, जिथे नको आहोत तिथे नातवाला देणार नाही. आता तूच बघ.

सोमवारी थोरला आधी मोठ्या बाईंकडे गेला. त्याने सगळं सांगितलं आणि म्हणाला, अॅपला वेगळं खातं द्या, माझं नाव काढा. बाईंनी चष्मा काढून पुसला. म्हणाल्या, पण चाललंय की छान. तुझ्या नावाचा वचक बसलाय, रजा कमी झाल्यात. थोरला म्हणाला, बाई, लोक मला शिव्या देतायत. त्या म्हणाल्या, साहेबांना रोजच देतात, ते काही तक्रार घेऊन येत नाहीत. वेगळ्या खात्याचं नंतर बघू. थोरला बाहेर आला तेव्हा त्याला कळेना, की आपली चूक झाली म्हणून आपण गेलो होतो की शाबासकी घेऊन आलो.

त्याने स्वतः रजेचा अर्ज केला. कारण लिहिलं, घरगुती आणि तातडीचं. घरी एका मिनिटावर आणलेली मुदत परत आठवड्यावर न्यायची राहून गेली होती. तो जागेवर येऊन बसेपर्यंत त्याच्या फोनवर तोच स्वतः होता, टाय लावून, पुन्हा विचार करावा म्हणत. मित्राने वाकून वाचलं आणि म्हणाला, बाबा रे, तू तर स्वतःलाही सोडत नाहीस. थोरल्याने मुदत नीट केली, मजकूर पुसला, संगणक बंद केला आणि रजा नसताना बस पकडली.

कारागिराचं घर एका जिन्यावर होतं, दोन खोल्यांचं. दार कारागिरानेच उघडलं. या दादा, म्हणाला, पण आवाजात तोललेलं अंतर होतं. त्याच्या आईने पाणी दिलं. आजोबा खिडकीशी खाटेवर, पाठीला तीन उशा, पाय उशीवर उंच ठेवलेले. ते सुतार होते, हातांची बोटं अजून रुंद. त्यांनी थोरल्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. टाय नव्हता, म्हणून ओळखायला वेळ लागला असावा.

थोरल्याने सांगायला सुरुवात केली. बसमध्ये त्याने सगळं सोपं करून ठेवलं होतं. अॅप म्हणजे काय, नाव का जातं, साहेब बटण का दाबत नाहीत. तो बोलत राहिला आणि समोरची तीन माणसं आदराने ऐकत राहिली. कारागिराला थोडं कळत होतं, तो कंपनीतला होता. पण त्याच्याही कपाळावरची आठी जाईना. कारागिराची आई एकदा आजोबांकडे बघायची, एकदा थोरल्याकडे. थोरल्याला जाणवलं, की आपण जितकं खरं सांगतोय तितकं ते बनावट वाटतंय. मग तो थांबला.

आजोबांनी हात हलवला. “झालं तुझं? आता मी बोलू?”

“बोला ना, आजोबा.”

“मुलीचा भाऊ ताठ असतो. असावा. बाप नाही तिला, तू आहेस. तू एकदा नाही म्हणालास, मला राग आला. दुसऱ्यांदा म्हणालास, तेव्हा वाटलं, पोराला तोलून बघतोय. तिसऱ्यांदा मात्र मी म्हटलं, पुरे. पण आज तू स्वतः आलास, दिवसभर बसमध्ये बसून आलास. संपलं. त्या यंत्रावर कशाला ढकलतोस?”

थोरला म्हणाला, “पण आजोबा, मी खरंच नाही म्हणालो नव्हतो.”

“बरं, नव्हतास,” आजोबा म्हणाले आणि नातवाकडे बघून हसले. लहान मुलाने सांडलेलं पाणी मी नाही म्हणून सांगितल्यावर मोठी माणसं हसतात तसे. “पण ‘नाही’ मनात यायला काहीतरी कारण असेल ना? ते सांग. माझ्यापुढे सांग.”

खाली रस्त्यावर कुणीतरी लोखंडी दार ओढलं. थोरल्याला जेवतानाचं ते बोलणं आठवलं. आपण अॅप बांधताना हा मजकूर का लिहिला, दुसरा कुठलाही का नाही, हे त्याने आठवून पाहिलं. बदलीची बातमी आधी आली की मजकूर आधी लिहिला, हेसुद्धा त्याला धड सांगता येईना. डोक्यात सगळं एकात एक अडकलं होतं.

“लांब आहे,” तो म्हणाला. “एवढंच वाटलं होतं. आई एकटी पडेल.”

“आता कसं,” आजोबा म्हणाले आणि उशीला टेकले.

त्यानंतर सगळं सोपं झालं. कारागिराच्या चेहऱ्यावरची आठी गेली, त्याने थोरल्याजवळ सरकून बसत विचारलं, दादा, त्या तक्रारींच्या अॅपमध्ये फोटो का चढत नाहीत? त्याच्या आईने चहा टाकला. ठरलं असं, की आजोबांना प्रवास नको, मुलीलाच आणावं. आणि कारागिराने दोन वर्षांनी परत मुख्य कचेरीत बदली मागावी. ती मंजूर करा म्हणजे झालं, असं त्याची आई थोरल्याला म्हणाली. आपल्या हातात काही नाही, हे तिला पुन्हा समजावायची ताकद त्याच्यात उरली नव्हती. बघतो, म्हणाला.

पुढच्या शनिवारी तो आईला आणि धाकटीला घेऊन गेला. आजोबांनी धाकटीला खाटेवर जवळ बसवून घेतलं. काटा खरंच बिघडला होता का, असं विचारलं. ती म्हणाली, पहिल्या दिवशी बिघडला होता. आजोबा इतके हसले की कारागिराच्या आईला त्यांच्या पाठीवरून हात फिरवावा लागला. निघताना ते थोरल्याला म्हणाले, तू तोलून घेतलंस ते बरं केलंस. थोरल्याने धाकटीकडे पाहिलं. तिने खांदे उडवले. तिला आता अर्ध्याच्याही वर पटलं होतं की खाली, हे तिने त्याला कधी सांगितलं नाही आणि त्यानेही विचारलं नाही.

दोन महिन्यांनी मोठ्या बाईंनी वेगळं खातं दिलं. नकार आता रजा विभाग या नावाने जाऊ लागले, फोटोच्या जागी राखाडी गोल. म्हातारबा पुन्हा चहाला हाक मारू लागला, पण एकदा घोट घेता घेता म्हणाला, तुझं नाव होतं तेव्हा बरं होतं, निदान कुणाच्या नावाने बोटं मोडायची ते कळायचं. थोरल्याने कप खाली ठेवला आणि जागेवर जाऊन बसला. समोर त्याने बांधलेली बाकीची अॅप होती. त्यातल्या एकेकाला उघडून, ते कुणाच्या तोंडाने बोलतंय हे बघत तो संध्याकाळपर्यंत बसला. काहींचा उलगडा झाला, काहींचा झाला नाही.

लग्न त्या वर्षाच्या शेवटच्या महिन्यात नोंदणी कचेरीत झालं. मुलाचे आजोबा त्याच्या आदल्या महिन्यात वारले. शुक्रवार होता, सकाळचा चहा झाला होता, आणि खाटेजवळ कारागीर व त्याची आई होती.